पेलाभर दाणे

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. पण कपाटात ओळीने मिरवणाऱ्या पेल्यांपैकी नव्हे. मी थर्मासच्या डोक्यावर बसणारा पेला. थर्मास बंद असला की मी त्याचे झाकण, आणि उघडला की चहा प्यायचा पेला. एका पगारात दोन कामे करणारा. थर्मास बिचारा केव्हाच गेला. मी मात्र आहे आणि माझे बरे चालले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. स्टीलचा गोल तुकडा साच्यावर ठेवला, वरून असा काही दणका बसला की मी जागच्या जागी खोलगट झालो. मग माझ्या आतल्या बाजूला आटे पाडले आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. शेवटी तपासणीच्या बाईंनी मला थर्मासवर बसवून फिरवून पाहिले. "हा बघा, कसा घट्ट बसलाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. अजून आठवली की बरे वाटते.

दुकानातून मला घरी नेले ते क्रेनवाले काकांनी. काका बंदरावर उंच पिवळी क्रेन चालवत. जहाजातले मोठमोठे खोके उचलायचे आणि धक्क्यावर उतरवायचे, हे त्यांचे काम. त्यांची केबिन इतकी उंच की खालची माणसे मुंग्यांएवढी दिसत. तिथे जायला एक लांबलचक उभी शिडी होती. मधे दम खायला एक छोटी फळी होती, पण काका तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. एकदा वर चढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणे नाही. म्हणून चहाला त्यांच्याबरोबर वर यावे लागे, आणि चहाबरोबर मला.

काय दिवस होते ते! केबिनच्या खिडकीशी एक अरुंद कट्टा होता. तिथे माझी जागा ठरलेली. मी तिथून सगळे बघायचो. खाली धक्क्यावर मामा उभे असत. ते कोणाचे मामा होते कोण जाणे, सगळे बंदर त्यांना मामाच म्हणायचे. मामा हाताने खुणा करत आणि काका त्याप्रमाणे क्रेन चालवत. मामांनी एक बोट वर करून गोल फिरवले की खोका वर उचलायचा. त्यांनी हात आडवा करून पंजा जमिनीकडे केला की थांबायचे, मग काही होवो. काका खोका असा अलगद टेकवत की मामा वायरलेसवरून ओरडायचे, "अरे, झोपलेलं बाळ ठेवतोयस की काय!" काका हसायचे आणि चहाचा एक घोट घ्यायचे. तेव्हा त्या शाबासकीत माझाही थोडा वाटा आहे असे मला वाटायचे.

क्रेनला एक घंटा होती. खोका क्रेनच्या ताकदीपेक्षा जड निघाला की ती घंटा खणखणायची आणि क्रेन हटून बसायची. काका कधी तिच्याशी हुज्जत घालत नसत. "ती सांगते ते ऐकायचं. तिच्यामुळे आपण सगळे जिवंत आहोत," असे ते म्हणत. ही घंटा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे ती कामाला येणार आहे.

पण चांगले दिवस काही बांधून ठेवता येत नाहीत. एका सकाळी शिडी चढताना थर्मासचा पट्टा तुटला. खाली पडलेला थर्मास हलवला तर आतून नुसता काचांचा आवाज. मी बाजूला गडगडत गेलो होतो, एक पोचा तेवढा आला. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, थर्मास टाकून दिला आणि मला हातात घेऊन म्हणाल्या, "राहू दे हा, कशाला तरी होईल." या 'कशाला तरी'मध्ये माझी पुढची कितीतरी वर्षे गेली. गंजक्या किल्ल्या, संपलेले सेल आणि अर्धवट मेणबत्त्या यांच्या संगतीत मी एका खणात पडून होतो. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. सगळेच आपापल्या दुःखात.

मग घरात टिकली आली. ही काकांची मुलगी. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून टिकली, आणि आता शाळेत जायला लागली तरी टिकलीच. तिने एकदा खण उपसला, मला बाहेर काढले आणि जाहीर केले की आजपासून मी तिच्या बाहुलीची न्हाणी. ज्याने उंच आकाशात चहा पाजला, त्याच्या नशिबी बाहुलीचे पाय धुणे! मला फार वाईट वाटले. पण खणापेक्षा बरे होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बाहुलीचे घर होते, तिथून जेवणाचे टेबल दिसायचे आणि घरातले सगळे बोलणे कानावर पडायचे.

काका आता पूर्वीचे राहिले नव्हते. सगळा दिवस खुर्चीत बसून काम, आणि हात रिकामा झाला की तो तळलेल्या पदार्थांच्या पुडीकडे. वर्षातून एकदा बंदरावरच्या डॉक्टरबाई सगळ्यांची तपासणी करत. त्यांनी काकांना सांगितले, "तळलेलं बंद. अगदीच खावंसं वाटलं तर मूठभर दाणे, बदाम, काजू खा. ते चांगले असतात."

काका आज्ञाधारक माणूस. दुसऱ्याच दिवशी तळलेले बंद केले आणि एक मोठी बरणी आणली. शेंगदाणे, बदाम, काजू, सगळे एकत्र, गळ्यापर्यंत भरलेले. बरणी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये जाऊ लागली आणि संध्याकाळी जवळजवळ रिकामी घरी येऊ लागली.

"अहो, डॉक्टरबाई मूठभर म्हणाल्या होत्या ना?" काकूंनी एकदा विचारले.

"मग? मी मूठभरच घेतो," काका म्हणाले. "किती वेळा घ्यायची ते त्यांनी कुठे सांगितलं?"

आणि काकांची मूठ म्हणजे काही साधीसुधी मूठ नव्हे. फावडेच ते. काकू बोलून दमल्या. आपण पथ्य पाळतो आहोत या समाधानात काका मात्र बरणीमागून बरणी फस्त करत राहिले. जे औषधासारखे चांगले ते जास्त खाल्ले की जास्त चांगले, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पुढच्या वर्षीच्या तपासणीचा दिवस मला चांगला आठवतो. काका घरी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. टिकली पाणी घेऊन आली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"वजन वाढलंय," ते काकूंना म्हणाले. "खूप वाढलंय. आज शिडी चढताना मधल्या फळीवर थांबावं लागलं. छाती भरून आली होती. मामाने खालून बघितलं आणि गुपचूप डॉक्टरबाईंना सांगितलं."

"बरं केलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

"तीन महिने दिलेत. तेवढ्यात वजन उतरायला लागलं नाही, तर शिडी बंद. मग खाली गोदामाच्या दारात बसून खोक्यांवर शिक्के मारायचे." काकांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "आणि गंमत म्हणजे हे सगळं त्या बरणीने केलंय. मी त्यांना ऐटीत बरणी दाखवली. म्हटलं, तुम्ही सांगितलं तेच खातो. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, दाणा दिसायला एवढासा, पण आत तेल ठासून भरलेलं. ही बरणी म्हणजे एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं जेवण आहे, आणि तुम्ही ती जेवणाच्या वर खाता!"

त्या केबिनशिवाय काका म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. गोदामाच्या दारात बसलेले काका माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

काकूंनी बरणी उचलून कपाटाच्या वर ठेवली. काकांनी चार दिवस दाण्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ते भुकेने कावलेले घरी आले, स्टुलावर चढले, बरणी काढली आणि उभ्या उभ्या अर्धी संपवली. काकूंचा पारा चढला. "आता टाकूनच देते ही बरणी!" त्या म्हणाल्या. काका लहान मुलासारखे रुसून बसले.

टिकली दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने विचारले, "बाबा, क्रेनची घंटा वाजल्यावर तुम्ही क्रेन टाकून देता का?"

"नाही गं. माल कमी करतो आणि पुन्हा उचलतो."

"मग बरणी कशाला टाकायची? माल कमी करा."

एवढे बोलून ती बाहुलीच्या घराकडे आली. तिने बाहुलीला न्हाणीतून उचलून जमिनीवर ठेवले, मला साबणाने खसाखसा घासले, पुसले आणि बरणीसमोर नेऊन ठेवले. मग माझ्यात दाणे ओतले, काठाच्या जरा खालपर्यंत.

"हा तुमचा आजचा माल," ती म्हणाली. "एवढाच उचलायचा."

काकांनी मला ओळखले. हातात घेऊन त्यांनी माझा पोचा अंगठ्याने चाचपला. "अरे, तू अजून आहेस होय!" ते म्हणाले. मग त्यांनी आत डोकावून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "अगं, एवढे तर माझ्या दातांतच अडकतील!"

सुरुवातीला काकांनी काय काय युक्त्या केल्या! मला इतके शिगोशीग भरले, की दाण्यांचा डोंगर माझ्या काठावरून घरंगळायचा. मग पेला एकच पण तीनदा भरायचा, असेही करून पाहिले. पण बरणीकडे हात गेला की टेबलाच्या पलीकडून टिकली आपला इवलासा हात आडवा करायची, पंजा जमिनीकडे. मामांची खूण! ती तिला काकांनीच शिकवली होती. इतकी वर्षे ती खूण दिसली की थांबायची सवय असलेला हात जागच्या जागी थांबायचा. काका वैतागायचे, मग हसायचे आणि बरणीचे झाकण लावायचे.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा क्रेनवर गेलो. काकूंनी माझ्या तोंडावर स्वच्छ फडके बांधून दिले होते. बरणी घरीच राहिली. शिडीवर काका मधल्या फळीवर थांबले, धापा टाकल्या, पुन्हा चढले. केबिनमध्ये त्यांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि तिथे मला माझी जुनी जागा दिसली. चहाचा गोल डाग अजून तसाच होता. मी त्यावर बरोबर बसलो.

पण त्या दिवशी जहाज वेळेवर लागले नाही. काम नाही, म्हणून काकांचा हात माझ्याकडे वळला आणि बघता बघता मी रिकामा. काकांनी मला उपडे करून ठोकून पाहिले. वायरलेसवरून मामांचा आवाज आला, "काय रे, वर भांडी घासतोयस का?" काकांना हसू आले नाही. घरी येऊन त्यांनी टिकलीपुढे कबुली दिली, "जमत नाही बुवा. माल लवकर संपतो."

टिकलीने गाल फुगवून विचार केला. "तुम्ही खोके सगळे एकदम उचलता का?"

"छे! एक ठेवला की दुसरा."

"मग दाणेही तसेच. खोका नीट ठेवला की एक दाणा. खोका नाही तर दाणा नाही."

हसू नका, मित्रांनो. त्या पोरीच्या या एका नियमाने सगळे बदलले. आता खोका टेकला की मामा खालून अंगठा दाखवायचे आणि काका वर एक दाणा तोंडात टाकायचे. एकच. मग त्याचे करायचे काय? चावायचा! पूर्वी मुठीने बकाणे भरणारा माणूस आता एकेक दाणा सावकाश चावू लागला. एकदा ते काम थांबवून स्वतःशीच म्हणाले, "बदाम गोड असतो की!" इतक्या बरण्या संपवल्या, पण बदामाची चव त्यांना तेव्हा कळली. दिवस संपेपर्यंत मी पुरू लागलो. घरी येताना भुकेने कावणेही थांबले. संध्याकाळी ते टिकलीबरोबर धक्क्याच्या टोकापर्यंत चालायला जाऊ लागले.

असे नव्हे की सगळे सुरळीत झाले. एका लग्नात काकांनी जेवणावर ताव मारला आणि पुढचे दोन दिवस नियमच सोडून दिला; मी कट्ट्यावर रिकामाच. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला घासले आणि स्वतःच भरले, काठाच्या जरा खालपर्यंत.

तीन महिने संपले. तपासणीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून टिकलीही बंदरावर आली आणि कुंपणाबाहेर मामांचा हात धरून उभी राहिली. मी काकांच्या उघड्या पिशवीतून बघत होतो. काका वजनकाट्यावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या फडक्याआड दाणे थरथरत होते, की मीच, सांगता येणार नाही.

"उघडा डोळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चांगलं उतरलंय. अजून पुष्कळ उतरायचंय, पण दिशा बरोबर आहे. जा वर."

काका शिडीपाशी आले. त्यांनी कुंपणाकडे पाहिले. टिकलीने एक बोट वर केले आणि गोल गोल फिरवले. वर उचला! काका चढू लागले. मधली फळी आली. मला वाटले, आता थांबणार. ते थांबले नाहीत. खालून मामांनी अशी काही आरोळी ठोकली की धक्क्यावरचे सगळे वर बघू लागले.

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगायचे तर मला हात नाहीत, म्हणून साधेच सांगतो. आवडीची गोष्ट सोडू नका, पण बरणीतून थेट खाऊ नका. पेल्यात काढून घ्या, बरणीचे झाकण लावा, ती जागेवर ठेवा आणि मग निवांत बसून खा. दाणा चांगलाच आहे, त्याची काही चूक नाही. आणि घरात माझ्यासारखा कोणी पोचे आलेला जुना पेला असेल, तर त्याला खणात टाकू नका. त्याला काम द्या.

आता एक शेवटचे सांगतो. ज्या काकांच्या हातून बरणीच्या तळाचा चुराही सुटत नसे, ते आजकाल संध्याकाळी मला पूर्ण रिकामा करत नाहीत. शेवटचा खोका उतरला की ते माझ्यात बघतात. तिथे एक बदाम असतो. तो ते खात नाहीत. माझ्यावर फडके बांधतात, मला पिशवीत ठेवतात आणि आम्ही तिघे शिडी उतरतो. घराच्या दारात टिकली हात पुढे करून उभी असते.