कोरड्यात ठेवलेली होडी

मी खाडीवरची जुनी होडी आहे, मित्रांनो. पेण तालुक्यात खारजमिनीच्या बांधाला लागून आमचं लहानसं गाव आहे. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि समोर खाडी. खाडीपलीकडे थोडं चाललं की कासू स्टेशन लागतं. तिथून गाडी एका बाजूला पेणला जाते आणि दुसऱ्या बाजूला रोह्याला. गावातल्या माणसांना त्या तीराला पोचवायचं आणि परत आणायचं, एवढंच माझं काम. या कामाला आमच्याकडे ‘तर’ म्हणतात. मला इंजिन नाही आणि शीडही नाही. दोन वल्ही, मागे सुकाणू आणि भरती-ओहोटीचं पाणी, यावर मी चालते.

मला काळुरामच्या वडिलांनी बांधून घेतलं. फळ्या सागाच्या आहेत. सुताराने फळीला फळी लावली, फटींत कापूस ठासला आणि वरून राळ आणि तेल चढवलं. म्हातारा गेल्यावर वल्ही काळुरामच्या हातात आली आणि सुकाणू त्याच्या बायकोच्या, सगुणाच्या.

वल्हवणारा माणूस पुढे पाठ करून बसतो. त्याचं तोंड मागे असतं. सुकाणू धरणारा मागच्या फळीवर, त्याच्या समोर बसतो. म्हणजे काळुरामला खाडी कधी दिसायचीच नाही. त्याला सगुणा दिसायची. ती डावीकडे बघू लागली की तो समजायचा, चिखलाचा उंचवटा आला. संध्याकाळी ती डोळे बारीक करू लागली की समजायचा, ऊन समोरून आहे, म्हणजे आपण घरी चाललोय. लग्न झाल्यापासून रोज तो असाच तिच्याकडे बघत खाडी ओलांडत होता. दोघांत बोलणारी तीच. तो गप्प. ती माणसांना सांगायची, "यांना वल्ही दिल्यात देवानं, तोंड द्यायचं र्‍हायलं."

या तरीला तिकीट नव्हतं. भात झोडून झालं की प्रत्येक घर खळ्यावरून एक टोपली भात द्यायचं. मिठागरवाले मीठ द्यायचे. पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही. आणि पलीकडच्या तीरावरून कुणी हाक मारली की जायचंच, मग माणूस जेवत असो की निजलेला. सगुणा हात धुऊन उठायची. काळुराम कुरकुरला की म्हणायची, "त्याच्या घरी पन कोन जेवायचं थांबलं आसल."

ते दिवस चांगले होते. वालाच्या शेंगांच्या टोपल्या, शाळेची मुलं, नव्या नवऱ्या, सगळ्यांना मी नेलं. नारळी पौर्णिमेला मला कुंकू लागायचं. बाया म्हणायच्या, ही होडी गावाची सून आहे, कुणाला नाही म्हणत नाही.

मग बांधावरून डांबरी रस्ता आला. रस्ता चांगलाच होता. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला त्याचा उपयोग होता आणि अजून आहे. पण रस्ता वडखळला मोठा वळसा घालून जातो, आणि वडखळच्या नाक्यावर गाड्या कोंडीत उभ्याच असतात. तरी एकेक घरात मोटारसायकल आली. पलीकडे स्टेशन दिसत असताना माणसं धूर खात वळसा घालून पेणला जाऊ लागली. उशीर झाला तरी त्यांना त्यात मोठेपणा वाटायचा. होडीतून उतरताना पायाला चिखल लागतो आणि मोटारसायकलवरून उतरताना लागत नाही, हे एक कारण होतं. दुसरं कारण मला कधी कळलं नाही.

गावातल्या नितेशने सहा सीटची रिक्षा घेतली. तो बांधावरून जाताना ओरडायचा, "काकी, होडीला हॉर्न लावा, मग बसतो."

"तुझा हॉर्न वडखळात कोन ऐकतो रं?" सगुणा म्हणायची. "उभा र्‍हातोस आन् वाजवतोस."

माणसं हसायची. हसून रिक्षात बसायची. खळ्यावरच्या टोपल्या कमी होत गेल्या. सगुणाचा मुलगा हरेश रोह्याच्या एका कंपनीत लागला. त्यानेही मोटारसायकल घेतली. रात्रीची शिफ्ट भरती-ओहोटीला थांबत नाही, असं तो म्हणायचा. ते खरं होतं. पण दिवसाच्या शिफ्टलाही तो मोटारसायकलच काढायचा.

माझ्यात शेवटपर्यंत नेमाने बसली ती हरेशची बायको, ऋतुजा. पेणला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात ती डोळ्यांची आखणी करते. मूर्ती कितीही सुंदर असो, डोळे आखेपर्यंत ती मातीच असते. ते काम हात स्थिर असेल तरच होतं. ऋतुजा सकाळी माझ्यातून उतरायची, शेतातून चालत स्टेशनवर जायची, गाडीने पेणला पोचायची. तिचा हात कधी थरथरला नाही. सगुणा तिला म्हणायची, "देवाचं डोलं उघडतेस गो, माझ्या हरेशचं पन उघड."

मित्रांनो, पुढचं सांगायला मला जड जातं.

दिवाळी झाल्यावर सगुणा तापाने आजारी पडली. तिला पेणला दवाखान्यात ठेवलं. मी घाटावर बांधलेली होते. पाणी यायचं, जायचं, माझ्याकडे कुणी यायचं नाही. मग एका दुपारी बांधावरून एक गाडी गेली, तिच्यामागून माणसं चालत गेली, आणि गावातून रडणं ऐकू आलं. सगळ्या गावाला मी पैलतीरावरून घरी आणलं होतं. तिला मी आणलं नाही. तिला रस्त्याने आणलं.

तेरावं झाल्यावर काळुराम माणसं घेऊन आला. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या घराच्या पडवीत, पत्र्याखाली आणून ठेवलं. मागच्या फळीवर सगुणाचं बसायचं गोणपाट होतं, ते त्याने उचललं नाही. तो म्हणाला, "हितं आता कोनी बसायचं नाय." ‘तर’ बंद झाली.

त्याने मला फार जपलं. रोज फडक्याने पुसायचा. कोंबडी चढली तर हाकलायचा. उन्हाची तिरीप आली तर ताडपत्री ओढायचा. आणि मी रोज थोडी मरत होते. होडीचं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, म्हणून फळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. कोरड्यात ते आकसतं. कापूस सुटतो, राळ तडकते, फटी उघडतात. खाडीकाठच्या लहान मुलालाही हे माहीत असतं. काळुरामला माहीत नव्हतं असं नाही. पण पाण्यात घालायचं म्हणजे वल्ही हातात घ्यायची, आणि वल्ही घेतली की समोरची फळी दिसणार.

गावानेही त्याला काही म्हटलं नाही. दुःखातल्या माणसाला कसं बोलायचं, असं सगळ्यांना वाटलं. शेजारची म्हातारी गोदूबाई तेवढी एकदा म्हणाली, "काल्या, लाकूड सुकतंय रं." तो उठून आत गेला.

ऋतुजा रिक्षाने जाऊ लागली. वडखळला अडकायची, उशिरा पोचायची, ऊन आणि धुराने डोकं धरून यायची. कारखान्याच्या मालकाने दोनदा समजावलं, मग तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. तिचे ब्रश कोनाड्यातल्या डब्यात पडून राहिले. वर्षश्राद्धाच्या सुमारास मालकाचा निरोप आला. हंगाम सुरू होतोय, वेळेवर येणार असशील तर ये, नाहीतर पुन्हा विचारणार नाही.

ती सासऱ्याकडे आली. हरेश म्हणत होता की राहू दे, घरी बस. तिने काळुरामला एवढंच विचारलं, "बाबा, होडी पाण्यात घालायची का?"

त्याने माझ्यावरची ताडपत्री बाजूला ओढली. मग हो म्हणाला.

मला पाण्यात ठेवताच सगळीकडून पाणी आत आलं. अशा होडीला एकच उपाय असतो. तिला दगड भरून काठाशी बुडवायची आणि लाकूड फुगेपर्यंत तशीच ठेवायची. काळुराम एकेक दगड आणून माझ्यात ठेवू लागला. पुढे ठेवले, मध्ये ठेवले. मागच्या फळीवर एकही ठेवला नाही. मी पुढून बुडाले आणि माझी मागची बाजू पाण्याबाहेर उभी राहिली. तेवढाच भाग कोरडा, तेवढ्याच फटी उघड्या. गोदूबाई बांधावरून म्हणाली की अशी अर्धी बुडवून काय उपयोग. तो ऐकत होता. हातात दगड घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि त्याला तो दगड त्या गोणपाटावर ठेवता येत नव्हता.

ऋतुजा घाटावरून उतरली. साडीचा काचा मारला आणि चिखलातून चालत माझ्यापर्यंत आली. गोणपाट उचलून तिने घडी घातली, सासऱ्याच्या खांद्यावर ठेवलं. मग ती मागच्या फळीवर चढून बसली. तिच्या वजनाने मी हळूहळू खाली गेले. पाणी फळीवर आलं, तिच्या कमरेवर आलं. ती हलली नाही. दोन्ही हातांनी काठ धरून बसली. पाणी थंड होतं. मार्गशीर्षातलं पाणी.

काळुराम तिच्यासमोर उभा होता, वल्हवताना असायचा तसा. तिचे ओठ निळे पडू लागले तेव्हा तो पुढे झाला.

"ऊठ गो पोरी," तो म्हणाला. "गारठशील. मी ठेवतो दगड."

ती उठली. त्याने हातातला दगड फळीवर ठेवला, आदळला नाही, ठेवला. मग तो काठावर जाऊन बसला आणि गोणपाटात तोंड घालून रडला. सगुणा गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

आता मी पुन्हा चालते. फटी बऱ्याचशा मिटल्या, तरी तळाच्या दोन फळ्या फुगल्या नाहीत. त्यांतून पाणी येतं, ते डब्याने उपसावं लागतं. माझी फार वर्षं उरलेली नाहीत, हे मला कळतं. सुकाणू ऋतुजा धरते. तिच्याबरोबर रोज दोन-चार माणसं येतात, कधी तेवढीही नाही. बाकीचं गाव रस्त्यानेच जातं. काळुराम अजून मान खाली घालून वल्हवतो. समोर बघायला त्याला वेळ लागेल.

मित्रांनो, तुमच्या गावातही स्टेशनकडे जाणारी एखादी पायवाट असेल, दारामागे टेकून ठेवलेली सायकल असेल, रिकामी धावणारी एसटी असेल. त्यांची आठवण काढून हळहळू नका. त्यांना पुसून, झाकून ठेवू नका. त्यांच्यावरून, त्यांच्यातून ये-जा करा. आजाऱ्याला मोटारीने न्या, घाई असेल त्या दिवशी तुम्हीही जा, पण बाकीच्या दिवशी आमच्याकडे या. चिखल धुतला की जातो. आम्हाला जपायची दुसरी रीत नाही. काळुरामने मला वर्षभर जिवापाड जपलं, आणि तळाच्या त्या दोन फळ्या त्यातच गेल्या.