सगळ्यांत शेवटी उतरणारी

"कार्ड लाव, पण उतरू नकोस," मावशी मुलीच्या कानाशी म्हणाली. "जा, मागे बस."

दाराजवळचं हजेरीचं यंत्र वाजलं, ती उतरल्याची नोंद झाली. मुलगी पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हरकाकांनी आरशात पाहिलं आणि गिअर टाकला.

शाळेच्या बसवर मुलांची चढउतार सांभाळणं हे मावशीचं काम. गेली दोन वर्षं काका बस मुद्दाम उलट्या बाजूने फिरवत, म्हणजे ही आठवीतली मुलगी सगळ्यांत शेवटी उतरे. तोवर तिची आई कारखान्यातून परतलेली असे. आई घरात असली की बाप हात आवरत असे. हे मुलीने एकदाच सांगितलं होतं, मावशीने मनगटावरचा काळानिळा डाग पाहून विचारलं तेव्हा. बसमध्ये मात्र तिच्या तोंडाला खळ नसे. गृहपाठ तिथेच, चिल्ल्यापिल्ल्यांची भांडणं सोडवणं तिथेच.

या महिन्यात ऑफिसने कॉम्प्युटरवर नवा मार्ग आखला. तिचा कोपरा पहिला आला. मावशी साहेबांकडे गेली.

"अहो, प्रत्येकाच्या घरच्या भानगडी बघत बसलो तर बस कुठून कुठून न्यायची?" साहेब म्हणाले. "परवा शिबिर घेतलं ना? मन खंबीर कसं करायचं, तेच तर शिकवलं."

शिबिराचं मुलीनेही सांगितलं होतं. "डोळे मिटून आवडती जागा आठवायची म्हणे."

"मग?"

"मला बसच आठवली. काकांच्या भसाड्या गाण्यासकट!"

काका म्हणाले, "भसाडं म्हणतेस? उतर खाली!" आणि तिघंही हसली होती.

त्या दिवशी कार्ड लावून मागे बसलेल्या मुलीला घेऊन शेवटी बस पुन्हा तिच्या कोपऱ्यावर आली, तेव्हा तिथे बाप उभा होता. हातात फोन.

"उतरली म्हणून मेसेज मघाशीच आलाय. इतका वेळ होती कुठे?"

कार्ड लावलं की घरी मेसेज जातो, हे मावशीला कोणी सांगितलं नव्हतं.

"बसमध्येच होती. चूक माझी आहे, तिला काही बोलू नका."

"असू द्या हो, मावशी." तो हसला. मुलीच्या खांद्यावरचं दप्तर त्याने अगदी अलगद काढून घेतलं. नेमका त्याच दिवशी आईचा अजून पत्ता नव्हता.

दोन दिवस मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती एका बाजूचे केस गालावर ओढून. कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी तिचा कोपरा यायच्या आधीच दाराशी येऊन उभी राहिली.

"बाळा, काकांना सांगू का? पहिल्यासारखी उलटी फिरवतील."

"नको, मावशी." तिने कार्ड लावलं. "तुम्ही आता काही करू नका."

ती उतरली. घर गल्लीच्या तोंडाशीच होतं, तरी ती भिंतीच्या कडेने लांबच्या वाटेला लागल्यासारखी सावकाश चालत होती. दार उघडंच होतं.

मावशीने पत्र्यावर थाप मारली की बस निघायची, असा रिवाज होता. मागून हॉर्न वाजू लागले. "मावशी, चला ना!" पोरं ओरडली. काकांनी आरशात पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

मावशी पायरीवर उभी होती. तिचा तळवा पत्र्यावर टेकलेला होता, पण थाप काही पडत नव्हती.