पोट भरलं त्या दुपारी

"ताई, फोन जरा खाली घ्या. मला नुसतं छत दिसतंय," पडद्यावरची डॉक्टर म्हणाली.

पोस्टमास्तरीणबाईंनी फोन मुद्दामच तसा धरला होता. पोस्टाच्या मागच्या खोलीत, पार्सलांच्या गोण्यांमध्ये, खिडकीला चिकटून उभं राहिलं तरच रेंज यायची, आणि उभं राहिलं की त्यांना धाप लागायची. ती अनोळखी बाईला दाखवायची कशाला? चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोनदा मान वर न करताच सांगितलं होतं, "वजन बघा, तोंड आवरा." तिकडे त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. हे फोनवरच्या उपचारांचं लेकीने शहरातून हट्टाने जुळवलं होतं.

त्यांनी फोन खाली घेतला आणि बोलणी खायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

"भूक कशी लागते तुम्हाला?"

"खातेच मी जास्त. माझंच चुकतं."

"ते नाही विचारलं. जेवून उठलात की मनात काय येतं?"

"पुढचं जेवण," त्या बोलून गेल्या आणि कानकोंड्या झाल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. शिक्के मारताना, पत्रं लावताना, कुणाशी बोलताना डोक्यात कुणीतरी कुजबुजतच असायचं: कपाटात बिस्किटं आहेत. अजून चार उरलीत.

डॉक्टर हसली नाही. तिने तपासण्या करायला लावल्या, रिपोर्ट बारकाईने वाचले, आणि काही दिवसांनी औषधाचा गार डबा टपालगाडीतून उतरला. आपल्याच नावाच्या पार्सलावर बाईंनी आपल्याच हाताने शिक्का मारला.

"आईस्क्रीम मागवलंत वाटतं?" पोस्टमनने विचारलं.

"हो. आणि एकटीच खाणार आहे."

भूक शमवणारं ते इंजेक्शन आठवड्यातून एकदा पोटावर टोचून घ्यायचं होतं. सुरुवातीला मळमळून जीव नकोसा झाला. डॉक्टरकडची नर्स फोन करून धीर द्यायची, थोडं थोडं खायला सांगायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, दुपारी नवऱ्याशी बोलता बोलता बाई जेवणावरून उठल्या, हात धुऊन परत आल्या आणि जागीच थबकल्या. ताटात भात उरला होता. बटाट्याची अर्धी फोडही. मन मारून ठेवलेली नव्हे. त्या चक्क विसरल्या होत्या. लांबचा आवाज ऐकावा तशी त्यांनी मान कलती केली. डोक्यात कुणीच बोलत नव्हतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जेवण झालं की तुमचंही असं गप्प होतं का?"

"काय गप्प होतं?"

"आतलं. खाण्याचं."

नवरा बुचकळ्यात पडला. "जेवण झालं की झालं. त्यात काय?"

"रोज?"

"लहानपणापासून. अगं, तुला झालंय काय?"

त्या त्याच्याकडे पाहतच राहिल्या. तीस वर्षं संसार केलेला हा हडकुळा माणूस. याला हे आयतं मिळालं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! सगळ्या गावालाच मिळालं असणार. माणसं अशी जगतात? डोकं इतकं मोकळं ठेवून? दुपारभर त्या घरातल्या घरात नवख्या पाहुण्यासारख्या फिरत राहिल्या. कपाट उघडून पाहिलं. बिस्किटं होती. नुसती बिस्किटं. त्यांना हसू फुटलं. मग ते ओठांवरच विरलं, आणि कपाटाच्या दारावरचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी, पोस्टाच्या मागच्या खोलीत, डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आला. "काही फरक वाटतोय का?"

"डॉक्टर, माझी आई माझ्याहून जाड होती. शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. चोरून खायची. मी कपाटाला कुलूप घातलं. पाहुण्यांसमोर म्हटलं, आई, तुला जीव आहे की नुसतं पोट?" त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. "ती म्हणायची, पोरी, मला थांबताच येत नाही गं. मला वाटायचं, नाटकं करते. खरं सांगत होती हो ती."

"जाऊ द्या" असं डॉक्टर म्हणाली नाही. तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब बसलेली ती बाई. तिच्यापुढे आणखी किती पेशंट खोळंबले असतील, आणि ती थांबली होती.

पुढच्या खिडकीवर टकटक झाली. "बाई, आहात का?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खिडकीवर कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं.

"आहे," त्यांनी जागेवरूनच सांगितलं. "पाच मिनिटं थांबावं लागेल."

"कशा होत्या तुमच्या आई?" डॉक्टरने विचारलं.

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"गायची," त्या म्हणाल्या. "फार गोड गायची."