म्हसोबाच्या नावचा कोंबडा

तात्यारावांनी खुराड्यावर तिसरी चादर टाकली, तिचे चारही कोपरे विटांनी दाबले आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. खुराडं म्हणजे पंखा काढून टाकलेला जुना लोखंडी कूलर. आत काळोख पक्का झाला तर उजाडल्याचं कोंबड्याला कळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"बाबा, गुदमरेल तो," अहिल्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"मागची जाळी उघडी ठेवलीय."

"मग उजेड तिथूनच जाणार ना."

तात्याराव जाळीकडे बघत राहिले. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाने शत्रूला वाट ठेवून मोर्चा बांधला होता.

पहाटे पावणेपाचला कोंबडा आरवला. पत्र्याच्या पेटीतून आवाज घुमून निघाला, रोजच्यापेक्षा भारदस्त.

त्याच दिवशी तक्रार आली. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्सची कॉलनी. इथे लोक भांडतातसुद्धा लेखी. बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भसीनसाहेबांनी पत्र दिलं होतं. विषय : भूतल के पक्षी द्वारा असमय ध्वनि. अहिल्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती आणि हा क्वार्टर तिच्याच नावावर होता. तिने पत्र दोनदा वाचलं आणि सवयीने समासात 'चर्चा करावी' असं लिहून टाकलं.

चर्चा रविवारी पार्कात झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी चतुर्वेदी मांडीवर रजिस्टर घेऊन बसले होते. भसीनसाहेबांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"असमय कसा?" अहिल्या हिंदीत म्हणाली. "रोज टाइम पे ही बोलता है."

"मैडम, टाइम पे है, वही तो प्रॉब्लम है. इंसान होता तो कभी छुट्टी तो लेता."

चतुर्वेदींनी तात्यारावांकडे पाहिलं. "अंकलजी, किसी को दे क्यों नहीं देते?"

"मुर्गा मेरा नहीं है," तात्याराव म्हणाले. "म्हसोबा का है."

"कौन से ब्लॉक में रहते हैं?"

"सातारा ज़िला."

मग तात्यारावांना सगळंच सांगावं लागलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको कुमुद गावी अंगणात कोसळली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अहिल्येने दोघांना दिल्लीला आणलं. हॉस्पिटलात पलंगाशेजारी उभं राहून, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तात्यारावांनी नवस बोलला होता : म्हसोबा, ही बोलू दे, तुला कोंबडा देतो. कुमुद तेव्हा छताकडे बघत होती. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. नवस फेडायचा दिवस आल्यावर देवाला ताटकळत ठेवायला नको म्हणून त्यांनी मुनिरक्याच्या बाजारातून लगेच एक पिल्लू आणून ठेवलं. पिल्लाने आपलं काम चोख केलं, ते वाढलं. कुमुद वॉकर धरून पाय उचलू लागली. बोलणं तेवढं आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल, तुम्ही बोलत राहा.

भसीनसाहेबांनी मान खाली घातली. चतुर्वेदी मात्र मुद्द्यापासून हलले नाहीत.

"यानी माताजी बोल दें, तो मुर्गा गया?"

"उसी दिन. गाड़ी में बैठा के गाँव ले जाऊँगा."

"और वहाँ?"

तात्यारावांनी आडवा हात हवेत फिरवला.

चतुर्वेदींनी रजिस्टरात लिहिलं. प्रस्ताव : माताजी को बोलने हेतु प्रोत्साहित किया जाए. सर्वसम्मति से पारित.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनी कामाला लागली. भसीनबाई रोज सकाळी यायच्या, हनुमानचालिसा म्हणायच्या आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कुमुदसाठी मोकळा ठेवून थांबायच्या. सी ब्लॉकमधल्या एका निवृत्त मास्तरांनी तिच्यासमोर बाराखडी मुद्दाम चुकीची म्हणून पाहिली. चतुर्वेदींच्या बायकोने तर ताटातल्या पुरणपोळीकडे बोट दाखवून विचारलं, "ये वाला मीठा पराठा आपने कब बनाना सीखा?" कुमुदच्या भुवया जराशा वर गेल्या. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. भुवया खाली आल्या.

"त्रास होतो का गं आईला?" तात्यारावांनी अहिल्येला विचारलं.

"माणसं येतात ना बाबा. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी येतंय घरी."

संध्याकाळी सगळे गेले की तात्याराव कोंबड्याला बाहेर काढायचे. दोन्ही तळहातांवर तोलून बघायचे. "भरलाय चांगला. म्हसोबा खूश होणार." कुमुद अशा वेळी भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला थंडी वाजत असेल, असं वाटून ते तिच्या खांद्यावर शाल टाकायचे आणि समोर बसायचे.

"बोल की काहीतरी. शिवी दे हवं तर. पंचेचाळीस वर्षांत कमी दिल्यास काय?"

कुमुद डाव्या हाताने शाल नीट करायची.

रोज पहाटे साडेचारला ती वॉकर ओढत मागच्या अंगणात यायची. तात्याराव तिला खुराड्याशेजारच्या वेताच्या मुढ्यावर बसवायचे, खुराड्यावरच्या चादरी काढायचे आणि बरणी घेऊन दुधाच्या बूथवर जायचे. परतायला पाऊण तास लागायचा. त्या वेळात कोंबडा आरवून मोकळा झालेला असायचा आणि कुमुदच्या मांडीवर बाजरीचे दोन-चार दाणे उरलेले असायचे.

तीन आठवड्यांनी भसीनसाहेब स्वतः खाली आले. दाढी केलेली नव्हती. हातात कागद होता.

"शिकायत वापस ले रहा हूँ."

"क्यूँ?" तात्यारावांनी विचारलं. "आवाज़ कम हुआ?"

"नहीं जी, वैसा ही है. आदत हो गई." ते जायला वळले आणि परत फिरले. "और देखिए, मैं सुबह बालकनी में खड़ा था, आपको आवाज़ देने ही वाला था. पर मैंने कुछ सुना नहीं."

"क्या नहीं सुना?"

"वही तो. कुछ नहीं." भसीनसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, थोडा जास्तच वेळ. "मुर्गे को रहने दीजिए, अंकलजी."

दुसऱ्या दिवशी तात्याराव नेहमीसारखे बरणी घेऊन पुढच्या फाटकातून बाहेर पडले. बूथच्या रस्त्याला न लागता क्वार्टरला वळसा घालून मागच्या गल्लीत आले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि आपल्याच अंगणाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

कोंबडा आरवला.

"हळू," भिंतीपलीकडून आवाज आला. "हळू रे. वरचे... झोपलेत."

शब्द ओले होते, कडेला थोडे सांडत होते. पण आवाज तोच. तात्यारावांनी बरणी छातीशी धरली.

कोंबड्याने पुन्हा मान ताणली असावी.

"गप बैस. हे येतील आता... दूध घेऊन." थोडा वेळ दाणे टिपल्याचा टकटक आवाज. मग पुन्हा, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं : "आले की... आपण... बोलायचं नाही. कळलं का?"

तात्यारावांच्या खिशात फोन होता. बातमी द्यायची म्हणून गावच्या गुरवाचा नंबर त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच सगळ्यात वर ठेवला होता. हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. गल्लीतून एक बाई कचऱ्याची हातगाडी घेऊन आली. अनवाणी, हातात चपला घेऊन भिंतीला चिकटलेल्या म्हाताऱ्याला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तबीयत ठीक है बाबा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट तसंच ठेवून बराच वेळ उभे राहिले.

त्या दिवशी दूध आलं नाही. बूथ बंद होता, असं त्यांनी अहिल्येला सांगितलं. काळा चहा पिता पिता अहिल्येने रोजच्यासारखं विचारलं, "आई काही बोलली?"

तात्यारावांनी बशीत चहा ओतला. समोर कुमुद बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, बशीकडे बघत होती.

"नाही," ते म्हणाले.

रविवारी चतुर्वेदींनी रजिस्टर उघडलं. "माताजी वाला मामला. कुछ प्रगति?"

"नहीं."

"अंकलजी, अंदाज़न और कितना टाइम लगेगा?"

तात्यारावांनी भसीनसाहेबांकडे पाहिलं. "मुर्गा कितने साल जीता है?"

"सात-आठ तो जी लेता है," भसीनसाहेब पार्कातल्या घसरगुंडीकडे बघत म्हणाले.

"उतना."

चतुर्वेदींनी लिहिलं : प्रकरण विचाराधीन.

रात्री देवापुढे दिवा लावताना तात्यारावांनी म्हसोबाची माफी मागितली. काय झालं ते मात्र त्यालाही सांगितलं नाही.

हल्ली ते पहाटे दहा मिनिटं लवकर निघतात. आधी बूथ गाठतात, दूध घेतात आणि भराभर चालत मागच्या गल्लीत येऊन उभे राहतात. आत कधी अहिल्येच्या लग्नाचं चाललेलं असतं, कधी गावच्या विहिरीचं, कधी पुरणपोळीला पराठा म्हणणाऱ्या बाईचं. एकदा तर त्यांच्याबद्दलच होतं, आणि फारसं चांगलं नव्हतं. तात्याराव भिंतीला टेकून सगळं ऐकून घेतात. हातातली गार बरणी कोमट होत जाते. उजाडायला आलं आणि घराघरांतले दिवे लागायला लागले, की ते चपला पायांत घालतात, मोठ्याने खाकरतात, आत सगळं शांत होईपर्यंत थांबतात आणि मग कडी काढतात.