राहिलेलं वाक्य

कॅन्टीनमधला चहा निवून गेला, तरी दुभाषीबाईंच्या वहीतलं एक चिन्ह टिकेविना तसंच राहिलं.

त्यांची पद्धत ठरलेली. डॉक्टर बोलू लागले की प्रत्येक मुद्द्याला वहीत एक चिन्ह काढायचं. रक्तस्रावाला थेंब, गोळ्यांना वर्तुळ, तापाला उभी रेघ. रोग्याला त्याच्या भाषेत सगळं सांगून झालं, की चहा पिताना आठवून आठवून एकेकावर टिक करायची. आज चिन्हं सात होती आणि टिका सहा. उरलेलं चिन्ह म्हणजे एक तुटकी रेघ: शस्त्रक्रियेनंतर आवाज बसू शकतो, वरच्या पट्टीतला कायमचाही जाऊ शकतो.

डॉक्टर नेमके त्या वाक्याशी आले आणि भूल देणारे डॉक्टर दारातून डोकावले. दोघांचं बोलणं झालं आणि बाईंनी ते वाक्य सांगायच्या आधीच गाडी पुढच्या मुद्द्यावर गेली. गळ्यात गाठ झालेल्या त्या परदेशी सुताराला वॉर्डात सगळे सुतारबाबा म्हणत. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. शस्त्रक्रिया अकराला होती. आता सव्वानऊ झाले होते.

माणसाचं मन मोठं बेरकी. वकील म्हणून हौसेने पुढे येतं, साक्षीदार व्हायची वेळ आली की खांबाआड दडतं. बाईंच्या मनानेही वकिली करून पाहिली. शंभरात एखाद्याचा आवाज जातो. आणि सुताराला आवाज घेऊन करायचंय काय, करवतीला थोडाच गळा लागतो? देवाच्या दयेने बाई त्या वकिलाला ओळखून होत्या. त्या उठल्या आणि दुभाष्यांच्या वरिष्ठांकडे गेल्या. या वरिष्ठ बोलताना सारख्या भिंतीकडे बघत, म्हणून त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत.

घड्याळबाईंनी ऐकून घेतलं. वर्षातली ही दुसरी चूक, हे दोघींनाही ठाऊक होतं. पहिली हिवाळ्यात झाली होती, गोळीची वेळ सांगताना. दोन चुका झाल्या की दुभाष्यांच्या यादीतून नाव जातं.

"जाऊ नका असं मी म्हणत नाहीये," घड्याळबाई म्हणाल्या. "गेलात तर मला लिहावं लागेल, एवढंच सांगतेय. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"लिहा बाई," दुभाषीबाई म्हणाल्या. "लिहायचं तर लिहावंच लागेल."

सुतारबाबांची भाषा बाई शाळेत शिकल्या नव्हत्या. तिशीत त्यांना मोठ्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचं काम लागलं. चादरीचं दुसरं टोक एका परदेशी बाईच्या हाती. टोकाला टोक जुळवायला दोघी जवळ येत, तेवढ्यात एक शब्द मिळे. दिवसाला दोनशे चादरी. महिन्याभरात आकडे आले, मग शिव्या, वर्षाने दुखणीखुपणी. सासूबाई म्हणत, घरात तोंड उघडत नाही, आणि ही परक्यांशी बोलणार! पुढे ती चादरीवाली आजारी पडली, तेव्हा डॉक्टरांसमोर बाईंनाच घेऊन गेली. जाताना बजावलं होतं, सगळं सांग, गोड करू नकोस. रीतसर वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र हे सगळं त्यानंतरचं.

सुतारबाबा खाटेवर बसले होते. अंगात दवाखान्याचा झगा, खाली बूट नीट जोडीने ठेवलेले. डॉक्टर आणि घड्याळबाई बाजूला उभे राहिले. आधी डॉक्टरांना आणि मग सुतारबाबांना, त्यांच्या त्यांच्या भाषेत, बाईंनी तेच सांगितलं.

"सकाळी एक वाक्य माझ्याकडून राहिलं. चूक माझी, डॉक्टरांची नाही."

आणि ते वाक्य सांगितलं.

सुतारबाबांनी गळ्यावर हात ठेवला. मग बोलले, आणि बाई एकेक शब्द डॉक्टरांकडे पोचवत गेल्या. आमच्या उपासनेत पहिली ओळ मी उचलतो. एकेचाळीस वर्षं झाली. वरच्या पट्टीतून सुरू होते ती. मी उचलली की मग बाकीचे येतात.

गाठ काढायलाच हवी, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याने काही बिघडेल का, असं सुतारबाबांनी विचारलं. डॉक्टरांनी जरा नाराजीनेच मान हलवली. नाही, आठवड्याने बिघडणार नव्हतं.

"मग सोमवारी काढा. रविवारी गातो. ती ओळ कुठून उचलायची ते लेकीला शिकवायचंय. मी आपला म्हणत होतो, आहे अजून वेळ."

मग ते बाईंकडे वळले. म्हणाले, दार बसवून झाल्यावर फट दिसली तर मीही दार पुन्हा उतरवतो. गिऱ्हाईक बोंबलतं, पण दार लागतं. बाईंच्या धंद्यात निवडानिवड नाही. त्यांनी हेही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांना हसू आलं. घड्याळबाई मात्र घड्याळाकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

सोमवारी यादीत बाईंचं नाव नव्हतं. सुतारबाबांचं काम फोनवरच्या दुभाष्याने केलं.

मंगळवारी बाई ओळखपत्र परत करायला गेल्या, आणि भेटीच्या वेळेत वर चढल्या. सुतारबाबांच्या गळ्याला पट्टी होती. तीन दिवस बोलायला बंदी. खाटेशी लेक बसली होती, चाळिशीची, हातावर रंगाचे डाग. तिनेच खुर्ची पुढे केली. रविवारी बाबा गायले, म्हणाली, आणि दुसऱ्या वेळेला मला उचलायला लावलं. माझा सूर पडला. आवाजाचं काय, असं बाईंनी हळूच विचारलं. दोन महिन्यांनी कळेल म्हणे.

सुतारबाबांनी लेकीच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. ती जरा लाजली, शेजारच्या खाटेकडे पाहून घेतलं, आणि अगदी बारीक आवाजात ती ओळ गुणगुणू लागली. सुतारबाबांनी एक बोट हवेत धरलं. लेकीचा सूर तिथवर आला. बोट जरासं वर सरकलं. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

बोट आणखी जरासं वर गेलं.