वागियेमच्या हातचा घास

माणसाच्या कातड्याइतकी घाणेरडी वस्तू जगात दुसरी नाही, असं वागियेमचं ठाम मत होतं. आणि तिचं पोट चालत होतं ते त्याच कातड्यावर.

उभा जन्म तिनं सुती कापडावर काढला. मांडीवर कापड, हातात मेणानं नक्षी काढायची लेखणी, शेजारी चुलीवर वितळतं मेण आणि भोवती बायांच्या चहाड्या. कापडाला घाम येत नाही, केस नसतात, ते कण्हत नाही. पुढे छापील कापडाचा सुळसुळाट झाला, बाटिकचा कारखाना बंद पडला, आणि ही विधवा बाई, पोरीचं लग्न तोंडावर आलेलं असताना, हात चोळत घरी बसली. तेव्हा नवऱ्याचा पुतण्या तेगुह उगवला. जावा बेटावरच्या योग्या शहरात, गोऱ्या पाहुण्यांच्या गल्लीत त्याचं गोंदणाचं दुकान होतं आणि त्याचा कारागीर नुकताच बालीला पळाला होता.

"काकू, रेघ ओढताना तुझा हात हलत नाही," तो म्हणाला. "कापडाऐवजी कातडं, एवढाच काय तो फरक."

एवढाच! मेल्यानं सरावाला डुकराचं कातडं आणून पुढ्यात टाकलं. वागियेम तिथंच ओकली आणि त्याच्याकडून सगळी फरशी धुवून घेतली. शेवटी तिनं पपनसाच्या सालीवर हात बसवला. पपनसं संपली आणि माणसं सुरू झाली.

आणि माणसं तरी कसली! कुणाची पाठ उन्हानं सोललेली, कुणाच्या पोटरीवर पुळ्या, कुणाच्या काखेत असा भपका की डोळ्यांत पाणी यावं. सुई लागली की रक्त आणि शाई मिसळून चिकट पाणी वर यायचं, ते पुसत पुसत पुढे जायचं. एक धटिंगण तर ढुंगणावर गरुड मागायला आला. हिनं तोंडानं श्वास घेत, मनात अल्लाची माफी मागत तो काढला, आणि पंख असे उतरले की तेगुह बघतच राहिला. मन नाही म्हणायचं आणि हात झक्क काम करून मोकळा व्हायचा. याचीच तिला जास्त शिसारी. गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायला लागली. घरी आली की ती लिंबू चोळचोळून हात धुवायची आणि तरी जेवायला चमचा घ्यायची.

विदुरीला, म्हणजे लेकीला, तिनं कापडाच्या दुकानात आहे असं सांगितलं होतं. होणारे व्याही हाजी, गोंदणं त्यांच्या लेखी हराम. कळलं असतं तर पोरीचं वाटोळं.

कळलंच. तेगुह शहाण्यानं दुकानाची जाहिरात म्हणून मोबाइलवर फोटो टाकला. डोक्याला रुमाल बांधलेली वागियेम, आणि नाकासमोर एका गोऱ्याची उघडी मांडी.

व्याही आणि हाजीणबाई घरी आले. आवाज चढवला नाही. आपली जावातली थोर माणसं ओरडत नाहीत, हसत हसत सोलतात. पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या, लग्न ठरल्याप्रमाणे होईल म्हणाले. फक्त वागियेमनं दिलेला चहा गार होईस्तोवर तसाच राहिला, आणि तिनं केळीच्या पानात बांधलेला भात कुणी उघडूनही पाहिला नाही. ते गेल्यावर पेले उचलता उचलता विदुरी म्हणाली, "आई, रागावले नाही मी. कशासाठी केलंस ते कळतं मला. पण तुझ्या हातांची किळस येते गं. काय करू?"

"मलाही येते," वागियेम म्हणाली. यावर पोरीशी भांडणार तरी काय?

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात नवरीला फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. त्यानंतर आईनं लेकीला शेवटचा घास भरवायचा, तोही हातानं. तो घेतला की लेक परक्या घरची. वागियेमला घोर होता तो याच घासाचा. हाजीणबाईंच्या घरच्या बाया चटईवर पुढेच बसलेल्या, आणि त्यांच्यादेखत पोरीनं तोंड फिरवलं तर? नखं रक्त येईतो कापली होती, तरी अंगठ्याच्या नखाखाली शाईची काळी रेघ राहिलीच होती. तिनं हळूच चमचा मागितला. विधी सांगणारी म्हातारी खेकसली, "आजारी आहे काय ती, चमच्यानं भरवायला?"

वागियेमनं भात कालवला, वर कोंबडीचा तुकडा ठेवला आणि हात पुढे केला. विदुरीनं तोंड उघडलं. घास घेतला. फोटो निघाले, बाया डोळे पुसायला लागल्या, आणि वागियेमच्या जिवात जीव आला.

गालात घास तसाच धरून विदुरी सगळ्यांकडे बघून हसली आणि कपडे बदलायला म्हणून मागच्या दारानं गेली. ओले केस पुसायला वागियेम टॉवेल घेऊन मागोमाग निघाली. विहिरीपाशी, मोगऱ्याच्या माळा सावरत, नवरी वाकून थुंकत होती. तिनं खळखळून चूळ भरली, बोटांनी जीभ खरवडली आणि मागे न बघता आत गेली.

घास दगडावर पडला होता. वागियेमनं कोंबड्यांना हाकललं, खाली बसून एकेक शीत वेचलं आणि तोंडात टाकलं. तिला जराही किळस आली नाही. अंगणातून तिला हाका येत होत्या. ती उठली आणि हात न धुताच हाजीणबाईंच्या माणसांना वाढायला गेली.