एक आटा जास्त

जयवंत राणे पस्तीस वर्षं भांडुपच्या कारखान्यात फिटर होता आणि त्याने आवळलेला नट कधी सैल पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. माणूस निवृत्त झाला, त्याचा पाना काही झाला नाही. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहून झालं की हा गृहस्थ पाना घेऊन घरभर फिरे आणि जे जे आवळता येईल ते ते आवळून टाके, वर एक आटा जास्तच. मुलुंडच्या त्या सोसायटीत शेजारी त्या दिवशी दार लावून बसत.

लांब पल्ल्याची मोटरसायकल त्याने गेल्या दिवाळीत घेतली ती बायकोसाठी, मालनसाठी. एसटीत घाट लागला की तिला उलट्या व्हायच्या. लग्नानंतर तीस वर्षं ती माहेरी पोचायची ती अर्धमेली होऊन. गाडीवर मात्र बाई कुडाळपर्यंत ताजीतवानी गेली, वाटेत दोनदा भजी खाल्ली आणि म्हणाली, "आता मी एसटीत पाय ठेवायची नाही."

पण यंदाच्या दसऱ्यानंतर गाडीचं हँडल थरथरायला लागलं. अलिबागला म्हणून निघाले, तर पेणच्या चहाला जयवंतच्या बोटांत नुसत्या मुंग्या, करंगळी तर पार बधिर. शर्टाचं सुटलेलं बटण लावता येईना. मालनने ते लावलं आणि गाडी परत फिरवायला सांगितली. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस तो, मनातून पार घाबरला. आपले हातच गेले की काय?

मालनच्या माहेरच्या देवीची जत्रा शनिवारी होती.

मेकॅनिक नितेशने जाड ग्रिप घातल्या, हँडलच्या टोकांना वजनं बसवली, मऊ गादीचे हातमोजेही दिले. थरथर जिथल्या तिथे. "काका, वय पण झालं ना आता," तो म्हणाला, आणि हे वाक्य जयवंतला फार लागलं.

गुरुवारी सकाळी त्याने सांगून टाकलं, "तू एसटीने जा. मी काय येत नाही."

मालनने स्वयंपाकघरात जाऊन खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली, जरा जास्तच जोरात. यंदाच घेतलेला मिक्सर ओट्यावर थयथय नाचू लागला.

"ह्यालाही तुमचीच बाधा झाली!" दोन्ही हातांनी तो दाबून धरत ती ओरडली. "दसऱ्यापासून नाचतोय मेला. आधी कसा गप्प बसायचा!"

"कधीपासून म्हणालीस?"

जयवंतने भांडं काढून मिक्सर उलटा केला. खालच्या रबरी पायांचे स्क्रू इतके आवळलेले की रबर चपटं होऊन दगड झालेलं. रबराने थरथर पोटात घ्यायची, पण त्याला जागा तर हवी! हे कुणी आवळलं ते विचारायची सोयच नव्हती.

तो तसाच खाली पार्किंगमध्ये धावला. हँडल ज्यावर बसतं ते दोन्ही रबरी बुश त्याच्याच हातच्या नटांखाली चेंगरून पडले होते. हाताला दोष दिला, वयाला दिला, आणि चोर निघाला घरातलाच. जयवंत एकटाच खो खो हसला.

नितेशकडून नवे बुश आणून त्याने बसवले. मालन खाली येऊन पहारेकऱ्यासारखी उभी राहिली.

"अजून एक आटा. ढिला राहील गो."

"राहू दे. बस्स म्हटलं ना!"

जयवंतने मोठ्या जड मनाने पाना खाली ठेवला. पस्तीस वर्षांत असं अर्धवट काम त्याने केलं नव्हतं.

मग तिला मागे बसवून तो हायवेने थेट पेणपर्यंत जाऊन आला, चांगल्या वेगाने. सोसायटीच्या फाटकाशी त्याने हातमोजे काढले. तो काही बोलायच्या आत मालनने त्याचा हात ओढला आणि करंगळीला करकचून चिमटा काढला.

"आई गं! जीव घेतेस काय?"

मालनचे डोळे एकदम भरून आले आणि ती हसतही होती. तिथेच उभ्या उभ्या तिने माहेरी बहिणीला फोन लावला.

"ताई, तेंका दुखला गो! खरंच दुखला! आमी दोघांय येतंव जत्रेक!"